नाणे एक, खजिने दोन

इंदूरहून सुमारे पस्तीस किलोमीटर अंतरावर, चामुंडा देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी देवास हे गाव वसलेले आहे. आज ते मध्य प्रदेशातील एक जिल्ह्याचे ठिकाण आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी ते दोन राजांची राजधानी होते. एकामागून एक झालेले दोन राजे असे मला म्हणावयाचे नाही. एकाच वेळी, एकाच गावात, दोन राजे आपापल्या वाड्यात राहून राज्य करीत होते. रस्त्याच्या एका अंगास थोरल्या पातीचा अंमल, तर दुसऱ्या अंगास धाकट्या पातीचा. दोन दरबार, दोन दिवाण, दोन खजिने! आज आपल्यापुढे ह्या गावाची आणि शेजारच्या धार संस्थानाची हकीकत मी मांडणार आहे. राजेरजवाड्यांच्या कथांपैकी एक म्हणून मात्र ती मी सांगत नाही. राज्य अनेकांचे, पण पैसा एकच, अशी स्थिती आली म्हणजे सरकारी जमाखर्चाचे काय होते, आणि त्याची किंमत अखेर कोण देतो, हा प्रश्न ह्या दोन गावांच्या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका तो अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांतही क्वचितच दिसेल.

पहिल्या बाजीरावाच्या माळव्यातील स्वाऱ्यांबरोबर पवारांचे घराणे नर्मदेपलीकडे गेले. त्यातील एका शाखेने धार येथे आपले ठाणे केले. दुसऱ्या शाखेतील तुकोजी आणि जिवाजी ह्या भावांनी देवास घेतले. भावाभावांनी प्रथम कारभार एकत्र चालविला. १८१८ साली इंग्रजांशी झालेला तहदेखील दोन्ही पातींनी मिळूनच केला. पुढे १८४१ साली वाटणी झाली. प्रत्येकीच्या वाट्यास साडेचारशे चौरस मैलांच्या आसपास मुलूख आला. धार त्या मानाने मोठे, सुमारे पावणेअठराशे चौरस मैलांचे. तिन्ही ठिकाणी राज्यकर्ते मराठी होते आणि रयत माळव्याची होती.

आता प्रश्न असा की, ज्या गावात रस्ता ओलांडला की राज्य बदलते, त्या गावात पैसा कोणाचा चालावयाचा? ह्याचे उत्तर एका लहानशा तांब्याच्या नाण्यात सापडते. १८८८ साली देवासच्या दोन्ही पातींच्या नावाने पाव आण्याची व एक पैची नाणी पाडण्यात आली. नाण्याच्या एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मुख, तर दुसऱ्या बाजूस संस्थानाचे नाव आणि थोरली की धाकटी ह्याचा निर्देश. आकार, वजन आणि धातू इंग्रजी मुलखातील नाण्यासारखाच. धारची अशीच तांब्याची नाणी त्याआधी एक वर्ष, म्हणजे १८८७ साली पडली होती. ही नाणी संस्थानी टांकसाळीतून निघालेली नव्हती; ती इंग्रज सरकारच्या टांकसाळीत तयार झाली होती. म्हणजे थोरल्या पातीचा पैसा आणि धाकट्या पातीचा पैसा ह्यांत फरक राहिला तो केवळ अक्षरांचा. बाजारात दोन्ही सारखेच, रुपयास चौसष्ट.

ह्यामागे १८७६ सालचा संस्थानी नाण्यांविषयीचा कायदा होता. जे संस्थान आपली नाणी सरकारी टांकसाळीत, सरकारी वजनाची व सरकारी कसाची पाडून घेईल, त्याची नाणी इंग्रजी मुलखातही कायदेशीर म्हणून स्वीकारली जातील, असे तो कायदा सांगत होता. त्याबरोबर अट अशी होती की, त्या संस्थानाने निदान तीस वर्षे आपल्या टांकसाळीत नाणी पाडू नयेत आणि इंग्रजी नाणे आपल्या मुलखात चालवावे. हिंदुस्थानात लहानमोठी शेकडो संस्थाने होती; पण ह्या कायद्याखाली नाणी पाडून घेणारी संस्थाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. अलवर, बिकानेर, धार, देवासच्या दोन पाती आणि पुढे सैलाना. ह्या सहांपैकी चार माळव्यातील आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माळव्यातच असे का व्हावे? कारण नाण्यांच्या बजबजपुरीचा जाच माळव्यास फार होता. एकेका दिवसाच्या मजलेवर सरकार बदलत असे आणि सरकारबरोबर रुपयाही बदलत असे. इंदूरचा हाली, उज्जैनचा उज्जैनी, भोपाळचा भोपाळी, प्रतापगडचा सालिमशाही असे किती तरी रुपये एकाच पेठेत फिरत. वजन निराळे, कस निराळा, आणि भाव तर आठवड्यागणिक निराळा. कुणब्याने गहू विकून आणलेला रुपया सरकारी सारा भरण्यास चालेलच असे नव्हते. तो सराफाच्या पेढीवर न्यावयाचा, सराफाने तो वाजवून पाहावयाचा, बट्टा कापावयाचा, आणि मग सरकारास चालणारे नाणे हाती पडावयाचे. हा बट्टा म्हणजे वस्तुतः एक करच होता. फरक इतकाच की, त्याची नोंद कोणत्याही राजाच्या वहीत होत नसे.

नाणे एक झाले की हा बट्टा गेला. समाईक चलनाचा पहिला आणि निर्विवाद लाभ तो हाच. परंतु ह्या जगात काही दिल्यावाचून काही मिळत नाही. टांकसाळ हातची जाऊ देणारा राजा नेमके काय देऊन बसतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

खजिन्यात तूट आली म्हणजे ती भरून काढण्यास राज्यकर्त्यापुढे तीनच दारे असतात. पहिले दार कराचे. दुसरे कर्जाचे. तिसरे टांकसाळीचे, म्हणजे नाण्यातील चांदी थोडी कमी करावयाची आणि तेवढ्याच धातूतून अधिक रुपये काढावयाचे, किंवा आजच्या काळात बोलावयाचे तर नोटा छापावयाच्या. हे तिसरे दार सर्वांत सोयीचे, कारण त्याला रयतेची संमती लागत नाही आणि सावकाराची मनधरणीही करावी लागत नाही. महागाई होते, पण महागाई कोणी केली हे चटकन कळत नाही. धार व देवासच्या राजांनी १८८७-८८ साली सही केली ती हे तिसरे दार बंद करण्यावर. तेथून पुढे राज्याची प्रत्येक चूक कराच्या नाही तर कर्जाच्या रूपाने वहीवर उमटणार होती.

राज्य अस्थिर असले म्हणजे तिजोरीचे काय होते, ह्याचा अनुभव धारला ह्यापूर्वीच आलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची वीस वर्षे माळव्यात 'गर्दी का वक्त' म्हणून ओळखली जातात. शिंदे आणि होळकर ह्यांच्या फौजांच्या येण्याजाण्याखाली धारचा मुलूख तुडविला गेला. परगण्यामागून परगणा हातचा गेला. दुसऱ्या आनंदरावांच्या पश्चात त्यांच्या पत्नी मीनाबाई ह्यांनी धैर्याने आणि चातुर्याने राज्य तगविले, म्हणून धारचे नाव तरी उरले. अशा दिवसांत महसूल गोळा होतो तो इजाऱ्याने. उद्या हा गाव आपल्याकडे राहील की नाही ह्याची राजासही शाश्वती नाही आणि इजारदारासही नाही. मग दोघेही आजच्या आज मिळेल तेवढे ओढून घेतात. विहिरीसाठी तगाई देणार कोण? पडीक जमीन उठविण्यासाठी सारा माफ करणार कोण? फळ चाखावयास आपण असू, असा विश्वास असेल तोच झाड लावतो. राजकीय अस्थैर्याचा पहिला बळी असतो तो उद्याचा दिवस.

१८१९ च्या जानेवारीत धारचा इंग्रजांशी तह झाला तेव्हा गेलेले काही परगणे परत मिळाले. पण त्याबरोबर अडीच लाखांचे कर्जही डोक्यावर आले आणि त्याच्या फेडीसाठी बैरसियाचा परगणा काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात राहिला. पुढे १८५७ च्या उठावानंतर संस्थानच जप्त झाले. १८६० साली ते तिसऱ्या आनंदरावांना परत मिळाले, पण बैरसिया त्यातून वगळून. तो भोपाळकडे गेला. धारने १८८७ साली जे नाणे स्वीकारले त्यामागे हा सगळा इतिहास उभा होता. ज्याने इतकी उलथापालथ पाहिली, त्याला स्थिर रुपयाचे मोल अधिक वाटले असेल तर नवल नाही.

परंतु, श्रोतेहो, येथे कथेस एक वळण लागते. समाईक नाण्याची किल्ली ज्याच्या हाती असते तो ती फिरविताना धाकट्या भागीदारास विचारीत नाही. १८७३ नंतर जगात चांदीचा भाव घसरू लागला होता. विलायतेस पाठवावयाची रक्कम पौंडात, आणि महसूल मात्र रुपयात, ह्या पेचात हिंदुस्थान सरकार सापडले. अखेर १८९३ च्या जून महिन्यात सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन घालावी आणि अल्प मजुरी देऊन रुपये घेऊन यावे, अशी रीत होती. ती संपली. रुपया दुर्मिळ करून त्याचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर आणून ठेवण्यात आला. रुपयाची किंमत आता त्यातील चांदीवर अवलंबून राहिली नाही. सरकारच्या मर्जीवर राहिली.

ह्या निर्णयात धारचा शब्द नव्हता, देवासचा नव्हता, इंदूरचाही नव्हता. ज्या संस्थानांचे रुपये जुन्या पद्धतीचे होते त्यांचे रुपये चांदीबरोबर खाली गेले आणि इंग्रजी रुपया, ज्याला लोक कलदार म्हणत, तो वर राहिला. मग एकामागून एक संस्थानास आपले नाणे मोडून कलदार घेणे भाग पडले. आणि जेथे नाणे आधीच एक झालेले होते, तेथील कुणब्याचे काय झाले? कुणब्याची बचत बँकेत नसते. ती त्याच्या घरधनिणीच्या अंगावर असते. तोडे, वाळे, गोठ, सरी ही त्याची शिल्लक. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. उत्तरेत संवत्सरावरून त्यास 'छप्पनिया' म्हणतात. माळव्यातही त्याने हाहाकार केला. बायकांच्या अंगावरील चांदी विकावयास निघाली. ज्या वजनाच्या चांदीस पूर्वी टांकसाळीतून जवळजवळ तेवढ्याच वजनाचे रुपये मिळाले असते, तिला आता बाजारभाव पदरात घ्यावा लागला, आणि बाजारभाव पडलेला होता. सारा मात्र रुपयातच द्यावयाचा. नाण्याविषयीचा एक निर्णय एका घरातील वाळ्यांपर्यंत कसा पोचतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

योगायोग असा की, ह्या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत कठोर आणि सर्वांत शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी केला त्यांचा जन्म धार व देवास ह्यांच्यामध्ये असलेल्या महूच्या छावणीत झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर महू येथे १८९१ साली जन्मले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर राहतो की नाही, ह्यापेक्षा सामान्य माणसाच्या हातातील रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहते की नाही, ह्यास त्यांनी अधिक महत्त्व दिले. किती रुपये पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्यास नियमाची मर्यादा असावी, असा त्यांचा आग्रह होता. दोन वर्षांनी, १९२५ साली, प्रांतांच्या अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा दुसरा ग्रंथ आला. १८३३ पासून १९२१ पर्यंत मध्यवर्ती सरकार आणि प्रांत ह्यांच्यातील पैशाचे संबंध कसे घडत गेले ते त्यात आहे. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. पहिला विचारतो की नाणे कोणाच्या हाती असावे. दुसरा विचारतो की खर्चाची जबाबदारी कोणावर असावी. आजच्या आपल्या विषयाची दोन्ही टोके ह्या दोन प्रश्नांत आली.

आता पुन्हा देवासकडे येऊ. थोरल्या पातीच्या गादीवर १८९९ साली तिसरे तुकोजीराव अल्पवयात बसले. ते बुद्धिमान, रसिक आणि प्रेमळ होते. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले, आणि पुढे १९५३ साली त्यांनी 'द हिल ऑफ देवी' ह्या पुस्तकात त्या दिवसांची हकीकत प्रसिद्ध केली. महाराजांविषयी त्यांच्या मनात अपार जिव्हाळा होता. त्यामुळे त्यांनी केलेले कारभाराचे वर्णन अधिकच बोलके ठरते. नवा वाडा वर्षानुवर्षे बांधला जात आहे, आणि एकीकडे बांधकाम चालू असता दुसरीकडे बांधलेले ढासळत आहे. गोकुळअष्टमीच्या उत्सवात खर्चास मर्यादा नाही. मनुष्य मोठा, मुलूख लहान, आणि हात सढळ, असा तो प्रकार होता.

टांकसाळीचे दार बंद असल्यामुळे ह्या खर्चास एकच वाट राहिली, ती कर्जाची. त्यातच बाहेरचे वारे फिरले. १९२७ साली रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा कायद्याने ठरविण्यात आला. तो चढा आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या मालास कमी रुपये मिळतील, असा आक्रोश मुंबईतील व्यापारी मंडळींनी तेव्हाच केला होता. दोनच वर्षांनी जागतिक मंदी आली. गहू आणि कापूस ह्यांचे भाव निम्म्याच्या घरात आले. सरकारने तरीही हुंडणावळीचा दर सोडला नाही. उलट त्याच्या रक्षणासाठी चलन आवळले. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्याचे उत्पन्न निम्मे झाले, पण त्याचा सारा आणि त्याचे कर्ज रुपयांतच ठरलेले, ते मात्र होते तेवढेच राहिले. संस्थानाचा महसूल अडकला. कर्जाचा आकडा मात्र अडकला नाही.

थोरल्या पातीत गृहकलह आधीच माजला होता. त्यात ही आर्थिक ओढाताण. हिंदुस्थान सरकारने जमाखर्चाची चौकशी आणि सुधारणा करण्याचा तगादा लावला. अखेर १९३३ साल संपता संपता महाराज यात्रेच्या निमित्ताने दक्षिणेकडे गेले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत राहिले. संस्थानाचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला. १९३७ साली महाराज तेथेच वारले. ज्या घराण्याचा मूळ पुरुष बाजीरावाबरोबर माळव्यात उतरला होता, त्या घराण्याच्या राजाला परकीय वसाहतीत अखेरचा श्वास घ्यावा लागला. आणि तो कोणत्याही लढाईत हरला म्हणून नव्हे, तर त्याच्या वहीतील बाकी त्याला फेडता आली नाही म्हणून.

आता रस्त्याच्या दुसऱ्या अंगास पाहा. धाकट्या पातीवर तेव्हा मल्हारराव होते. रुपया तोच, पाऊस तोच, कापसाचा पडलेला भावही तोच. तरी त्यांच्यावर परागंदा होण्याचा प्रसंग आला नाही. १९३४ साली ते वारले ते राज्य करीत असतानाच. दोन्ही पातींच्या नशिबातील सगळा फरक केवळ जमाखर्चामुळे पडला, असा दावा मी करणार नाही. माणसांचे स्वभाव, घरातील भांडणे ह्यांचाही त्यात वाटा आहे. परंतु एवढे निश्चित म्हणता येईल की, एकच नाणे वापरणाऱ्या दोघांचे भवितव्य ते नाणे ठरवीत नाही. नाणे मंदीचा घाव दोघांवर सारखाच आणते. तो घाव सोसण्याची ताकद कोणाच्या खजिन्यात आहे, ह्यावर पुढचे सारे ठरते.

कोणी म्हणेल, मग आपले नाणे आपल्याच हाती ठेवावे, हे बरे नाही काय? मराठवाड्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी ह्याचे उत्तर घराघरात ऐकलेले असेल. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने आपला हाली शिक्का अखेरपर्यंत राखला; नोटाही स्वतःच्या काढल्या. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा तो हिशेब. परंतु निजामाचा मुलूख मोठा, महसूल मोठा. आणि इतके करूनही औरंगाबादचा व्यापारी मुंबईशी व्यवहार करताना हाली-कलदारचा हिशेब मांडीतच बसे. देवाससारख्या साडेचारशे मैलांच्या राज्यास स्वतःचे नाणे म्हणजे स्वतःचा बट्टा. लहान राज्यास समाईक नाणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. १८८८ साली सही करणाऱ्यांचे चुकले नाही. तूट भरण्याची सोय बंद केली की तूट पाडण्याची सवयही बंद करावी लागते, हे पुढील पिढीने ध्यानात घेतले नाही. चूक झाली ती तेथे.

ही गोष्ट जुन्या संस्थानांपुरतीच आहे असे कोणी समजू नये. युरोपातील अनेक राष्ट्रांनी १९९९ पासून युरो हे समाईक चलन घेतले. ग्रीस त्यात २००१ साली आला. चलन एक झाल्याने त्याला स्वस्तात कर्ज मिळू लागले, आणि त्या स्वस्ताईत वाढती तूट झाकली गेली. २००९ साली सरकार बदलले. नव्या सरकारने खरी तूट पूर्वी सांगितल्याहून पुष्कळच मोठी असल्याचे उघड केले, आणि सावकारांचा विश्वास उडाला. स्वतःचे नाणे असते तर त्याचा भाव उतरवून निदान निर्यात तरी वाढविता आली असती. तो मार्ग बंद होता. २०१० साली बाहेरून मदत आली, पण मदतीबरोबर बाहेरचे कारभारीही आले. पगार आणि निवृत्तिवेतने कापली गेली. २०१५ च्या उन्हाळ्यात तर बँकांची दारे तीन आठवडे बंद होती आणि माणसास दिवसाला साठ युरोंपेक्षा अधिक काढता येत नव्हते. अथेन्सच्या यंत्रापुढे रांगेत उभा असलेला म्हातारा आणि दुष्काळात वाळे विकणारी माळव्यातील बाई ह्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. पण दोघांच्या कहाणीचे सूत्र एकच आहे.

धार आणि देवासच्या दोन्ही पाती १९४८ साली मध्यभारत संघात विलीन झाल्या, आणि १९५६ साली मध्य प्रदेशात. १९५० च्या एप्रिलपासून संस्थानी मुलखाची अर्थव्यवस्था भारताच्या अर्थव्यवस्थेत मिळाली. आपले प्रजासत्ताक हाही एक प्रकारे चलनसंघच आहे. नाणे आणि नोट हा विषय राज्यघटनेने सर्वस्वी केंद्राकडे दिला. राज्यांनी कर्ज काढावे, पण केंद्राचे देणे असेल तर केंद्राच्या संमतीने, असे घटनेचे २९३ वे कलम सांगते. आणि केंद्राने गोळा केलेल्या करांचा वाटा राज्यांस किती द्यावा हे ठरविण्यास २८० व्या कलमाखाली वित्त आयोग आहे. १८९३ साली धार-देवासजवळ जे नव्हते ते हेच. नाणे हाती असलेल्याने घेतलेल्या निर्णयांची भरपाई मागण्याची एक रीतसर जागा.

तरीही जुनी खोड सहज जात नाही. १९६७ नंतर राज्याराज्यांत मंत्रिमंडळे गडगडू लागली. मध्य प्रदेशात तर १९६९ साली एक मंत्रिमंडळ दोन आठवडेही टिकले नाही. उद्याची शाश्वती नसलेले सरकार आजच खर्च करून मोकळे होते. गर्दीच्या वेळचा तोच न्याय. पुष्कळ राज्ये रिझर्व्ह बँकेतील आपल्या खात्यावर शिलकेपेक्षा अधिक रक्कम उचलू लागली. हे म्हणजे बंद केलेल्या टांकसाळीस मागून काढलेले दारच होते. १९८५ साली नियम कडक करून ते बंद करण्यात आले. आणि न्यायाची गोष्ट अशी की, केंद्राने आपले मागचे दारही पुढे बंद केले. १९५५ पासून केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेस हवे तेव्हा तात्पुरती रोखे-पत्रे देऊन पैसा उभा करीत असे. ती प्रथा १९९७ साली थांबविण्यात आली. राज्यास शिस्त शिकविणाऱ्याने स्वतः शिस्त पाळली तरच ती शिकवण पटते.

दुसऱ्या बाजूची परीक्षा २०२० साली झाली. २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यांनी आपले अनेक कर सोडून दिले आणि केंद्राने पाच वर्षे भरपाईची हमी दिली. साथीच्या वर्षी कर बुडाले. भरपाई कोणी आणि कशी द्यावयाची ह्यावर मोठा वाद झाला. अखेर केंद्राने त्या वर्षी एक लाख दहा हजार कोटी रुपये स्वतःच्या नावावर कर्जाऊ उभारून राज्यांस दिले. हे लवकर व्हावयास हवे होते की नाही, ह्याविषयी मतभेद आहेत आणि राहतील. पण तत्त्व ह्यात स्पष्ट झाले. ज्याच्याकडून टांकसाळ आणि कर घेतले, त्याच्या वाईट दिवसात त्याच्या मागे उभे राहणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. त्यास उपकार म्हणता येणार नाही.

श्रोतेहो, शेवटी एक गोष्ट सांगतो. आपल्या महाराष्ट्रात नाशिक रोडला जशा नोटा छापल्या जातात, तशाच त्या देवासलाही छापल्या जातात. १९७४ च्या सुमारास तेथे सरकारी नोट मुद्रणालय उभे राहिले. ज्या गावच्या दोन राजांनी १८८८ साली तांब्याचा पैसासुद्धा स्वतः न पाडण्याचे कबूल केले, त्या गावातून आज देशभर नोटा जातात. पण त्या गावास, त्या जिल्ह्यास, किंबहुना त्या राज्यासदेखील त्यांतील एकही नोट स्वतःच्या तुटीसाठी घेता येत नाही. छापखाना गावात आहे. छापण्याचा अधिकार गावात नाही. हे असेच असावे. मात्र तो अधिकार ज्याच्या हाती आहे त्याने देवासच्या टेकडीवरून एकदा खाली पाहावे. एका अंगास सढळ हाताने मोडलेला वाडा दिसेल, आणि दुसऱ्या अंगास, कोणास न विचारता घेतलेल्या निर्णयाने स्वस्त झालेली एका कुणबिणीची चांदी. खजिना सांभाळणाऱ्याने पहिले दृश्य विसरू नये, आणि नाणे सांभाळणाऱ्याने दुसरे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.